मयताचं पाणी

३ जून

होडी सापडली. लिब्रादो नाही.

दुपारी किनाऱ्यावरून ट्रक आला. ड्रायव्हर खाली उतरला आणि टोपी काढून नुसता उभा राहिला — तेव्हाच कळलं. होडी खडकांत अडकली होती म्हणे. इंजिन वर उचललेलं, जाळं कोरडं. माझा भाऊ पन्नाशी उलटलेला, वर्षातले सहा महिने समुद्रावर, आणि पोहता येत नाही! किती वेळा बोलले असेन. "ताई, पोहणाऱ्याला बुडायला फक्त जास्त वेळ लागतो," म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

आज पुढे काही लिहवत नाही.

४ जून

गावातले धडधाकट पुरुष सगळे किनाऱ्यावर गेले होते. संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत आले. कुणी माझ्याकडे बघेना.

मग फिदेन्सियोकाका आले. आमचे पाटकरी. पाण्याची पाळी कुणाची, दार कुणी धरायचं, हे चाळीस वर्षं तेच ठरवतात. उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. "चेबा, पाणी वळवू का?"

प्रेत नसलं तरी आमच्याकडे मयताला पाणी मिळतं. नऊ दिवस सगळ्या गावाचं पाणी मेलेल्याच्या बागेत. त्या दिवसांत कुणी आपली पाळी मागत नाही. नवव्या दिवशी घंटा झाली की मयताची पाळी वारसाची. लिब्रादोची बायको केव्हाच सोडून गेली, पोरंबाळं नाहीत. वारस मी.

पण जून! पावसाला अजून दोन महिने. शेजारच्या दोमितिलाच्या घेवड्याला आत्ता कुठे फूल आलंय. वेलींवर द्राक्षं मिऱ्याएवढी. आणि माझ्या भावासाठी सगळ्यांनी नऊ दिवस कोरडं राहायचं? मी तसं बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "जूनमध्ये मेला म्हणून काय कमी मेला?"

मी हो म्हटलं. चर्चची किल्ली माझ्याकडेच असते, त्यामुळे घंटाही मलाच वाजवावी लागली. दोर ओढताना ठोके मोजायला चुकले. आमच्या आईसाठी ओढला होता तेव्हा असं झालं नव्हतं.

५ जून

सकाळपासून लिब्रादोच्या बागेत दारं धरतेय. एक वाफा भरला की माती ओढून बंद, पुढचा फोडायचा. फावडं त्याचंच. मूठ त्याच्या हातांनी गुळगुळीत झालेली.

बाग हौदाला लागून आहे, गावातली पहिली पाळी. पाणी इथे येतं तेव्हा अजून थंड असतं. खजुराच्या बुंध्याशी, अंजिरांत, लिंबोणीत — सगळीकडे पाणीच पाणी. गेली दोन वर्षं त्याने धड खुरपणीही केली नव्हती. मला राग आला. मेलेल्यावर रागावतात का? मी रागावले, आणि मग तिथेच बांधावर बसून रडले.

६ जून

दोमितिलाने बकरीचं चीज आणि गव्हाच्या रोट्या पाठवल्या. रात्रीच्या प्रार्थनेला घर भरून माणसं. सगळे चांगलेच बोलले त्याच्याबद्दल. जिवंतपणी बोलले असते तर!

७ जून

सुतक असलं तरी चर्च उघडावंच लागतं. हॉटेलने पाहुणे पाठवले होते, चार जर्मन आणि एक वाटाड्या. वाटाड्या पाटीवरचं वाचत होता — पाद्रींनी हौद बांधला, पाट काढले, खजूर आणला, वेली आणल्या, रानटी लोकांना शेती शिकवली. मी मागे उभी राहून मेणबत्त्यांचं मेण खरवडत होते. पाद्री एकच होता, तोही निम्मा वेळ तापाने फणफणलेला. दगड वाहणारे आमचे पणजोबा होते, इथले मूळचे कोचिमी, त्यांच्या नावाची पाटी कुठे नाही.

जर्मन बाईने विचारलं, एकाच बागेत एवढं पाणी आणि बाकी गाव वाळलेलं, असं का? वाटाड्याला सांगता येईना. मी सांगितलं. देवीची साथ आली होती, पाद्रींच्या काळात. रोज दोन-चार माणसं जायची. तेव्हा कुणीतरी म्हणालं, मेलेल्याची बाग तरी वाळू देऊ नका, पोरं जगली तर खातील. म्हणून पाणी एका मयताच्या बागेतून दुसऱ्या मयताच्या बागेत फिरत राहिलं. शेवटी सगळ्या बागा हिरव्यागार आणि खायला माणूस नाही. जे मूठभर उरले त्यांची आम्ही लेकरं, आणि नंतर आलेल्या शिपायांची.

बाईने फोटो काढला. माझा नाही, घंटेचा.

पाद्री गेले, पुढे किनाऱ्यावर तांब्याची खाण निघाली. आमच्या आजोबांचं नशीब उघडलं. खाणीतली हजार तोंडं आमची अंजिरं, खजूर, वाईन खायची-प्यायची. खेचरांच्या रांगा लागायच्या. खाण बंद पडली, खेचरं विकली गेली. मग लिब्रादोसारखे मासे धरायला खाली उतरले. आता खजूर पिकतो आणि डुकरांना घालतात. चार वर्षांपूर्वी सरकारने कायदा बदलला — गावकीचं जे विकता येत नव्हतं ते विकता यायला लागलं. तेव्हापासून आमच्याकडे गिऱ्हाईक मिळेल असं एकच उरलंय, पाणी. खिंडीतल्या हॉटेलने तीन पाळ्या घेतल्यासुद्धा. पहिली मिळाली की हौदालाच पाइप लावणार, असं त्यांचा वकील उघड सांगतो. मग खालच्यांना उरेल ती ओल.

लिब्रादोने कधी विकली नसती. निदान ती पाळी आता माझ्याकडे येईल. असला विचार सुचला म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

८ जून

ऊन भयंकर. हिरवी फक्त त्याची बाग.

९ जून

चायो धावत आली. गावचा एकुलता एक फोन तिच्या दुकानात. "चेबा, तिहुआनाहून कुणीतरी आहे, नाव सांगत नाही." मला वाटलं तिकडे सरहद्दीवर राहणारी मामेबहीण असेल, दुखवट्याचं बोलायला.

"ताई, मी."

मी छातीवर क्रूसाची खूण केली. फोन कानाला तसाच.

"ताई, रडू नको. मी बरा आहे."

"तू मेलायस," मी म्हणाले.

मग सगळं भडाभडा बोलला. निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलात जाऊन त्याने सही केली. पहिली पाळी विकली. पैसे घेतले. माझ्यासमोर उभं राहायची छाती झाली नाही. किनाऱ्यावर होडी बांधली, सडकेवर गेला, बस धरली. होडी कशी सुटली त्याला ठाऊक नाही. "मला वाटलं तुम्ही शिव्या घालाल. एवढंच वाटलं होतं गं."

"तुझ्या बागेत पाणी सोडलंय. पाच दिवस झाले."

मग, "कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? सगळ्यांचं!"

"दोमितिलाच्या घेवड्याला फूल होतं..."

"होतं."

तो रडायला लागला. नाणी संपली की काय, फोन कट झाला. चायो साबणाच्या वड्या रचत होती, पाठ माझ्याकडे. "मामेबहीण होती," मी म्हणाले. ती म्हणाली, "हो का."

माझा भाऊ जिवंत आहे. घरी येऊन दार लावलं आणि वेड्यासारखी हसले. आणि मग त्याला हव्या तेवढ्या शिव्या दिल्या.

१० जून

सांगितलं तर काय? तो जिवंत, म्हणजे त्याची सही जिवंत. पाइप लागेल. दोन वर्षांत खालच्या बागा सरपणाच्या होतील.

नाही सांगितलं तर? अजून दोन दिवस. नवव्या दिवशी पाळी माझी. मेलेल्याचा शब्द पाण्याला लागू होत नाही, हे आमच्याकडे पाद्रींच्या काळापासून आहे असं म्हणतात, आणि गावकीच्या सभेनेही ते तसंच मानलंय. विक्रीला अजून सभेचा शिक्का लागायचाय. त्याआधी पाळी माझ्याकडे आली की हॉटेलच्या कागदाची किंमत शून्य.

पण हे दोन दिवस मी जिवंत माणसासाठी शेजाऱ्यांचं पाणी ओढतेय. याला चोरी म्हणतात. आणि घंटा झाली की तो परत कधी या गावात यायचा? कोण म्हणून यायचा?

आज बांधावरून पाहिलं — दोमितिला हौदावरून डबे भरून घेवड्याला घालत होती. तिचं वय सत्तर. मला पाहून हात वर केला. "त्याच्या आत्म्याला शांती मिळो!" मी फावड्याकडे बघत राहिले.

प्रार्थनेला आज माझ्या तोंडून शब्द फुटेना. बायकांना वाटलं दुःखाने.

११ जून

सहन होईना. फिदेन्सियोकाकांकडे गेले. ते अंगणात कातडी चप्पल शिवत बसले होते. एका दमात सांगितलं — तो जिवंत आहे, तिहुआनात आहे, पाळी विकून गेलाय, पाणी बंद करा.

त्यांनी टाका पुरा केला. "बस."

बसले नाही.

"तिसऱ्या दिवसापासून माहीत आहे," ते म्हणाले. "बस चालवतो तो माझ्या बायकोचा भाचा. त्याच्या मागच्याच बाकावर बसून गेला तुझा भाऊ. वकिलाने किनाऱ्यावर सगळ्यांना सांगितलंच होतं, पहिली पाळी मिळाली म्हणून. दोन्हीची गाठ घालायला किती वेळ लागतो?"

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"ज्यांची पाळी आहे त्यांना."

"दोमितिलाला?"

"तीच म्हणाली, चालू द्या पाणी. एका वर्षाचा घेवडा गेला तर गेला."

आता बसले. "आणि मला कुणी काही बोललं नाही? मी सहा रात्री रडतेय!"

"तेही तीच म्हणाली. चेबाला सांगू नका, तिला खोटं रडता येत नाही."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याने पाणी विकलं आणि निघून गेला. आम्ही त्याला नऊ दिवस पाणी दिलं. आता तूच सांग, कोण कुणाचं देणं लागतो? उद्या घंटा वाजवायची की नाही ते तुझं तू ठरव. किल्ली तुझ्याकडे आहे. मी दुसऱ्या कुणाला वाजवू देणार नाही."

आयुष्यभर याच माणसांत राहिले. कालपर्यंत वाटायचं, यांना ओळखते.

१२ जून

वाजवली.

संध्याकाळी सगळे चर्चपुढे जमले होते. मी वर गेले, दोर धरला. त्या वेळी मनात गाव नव्हतं, हौद नव्हता. तो तीन वर्षांचा असताना पाटात पडला होता आणि मी त्याला केसांना धरून बाहेर ओढला होता, तेच डोळ्यांपुढे येत होतं. तरीही ओढला दोर. नऊ ठोके.

खाली आले तेव्हा फिदेन्सियोकाकांनी फावडं माझ्या हातात दिलं. पाळी माझी झाली. दोमितिलाने मला मिठी मारली. मी तिला दूर केलं नाही, पण माझे हात खालीच राहिले.

१४ जून

पाटाला पाणी परत सुरू. दोमितिलाचा घेवडा गेला. निम्म्या वेलींची द्राक्षं सुरकुतली. एकानेही तक्रार केली नाही.

२६ जून

हॉटेलचा वकील आला. बूट फार स्वच्छ. मी अंजिरं वाळत घालत होते, उठले नाही. त्याने कागद पुढे धरला. मी म्हटलं, मयताचा शब्द पाण्याला लागू होत नाही.

"बाई, तुमचा भाऊ जिवंत आहे. परवा मी त्याच्याशी बोललो."

"मग मला भेटायला का नाही येत?"

मला वाटलं फार हुशारीचं बोलले. तो हसला. "येईल की. आम्ही आणू. वीस जुलैला सभा आहे, सरकारचा अधिकारी येतोय. तुमच्या मयताला त्याच्यापुढे उभं करतो."

तो गेल्यावर बराच वेळ अंजिरांवरच्या माश्याही हाकलल्या नाहीत.

९ जुलै

घरात चीज ठेवायला जागा नाही. कुणी अंडी आणतं, कुणी वाळवलेलं मांस, कुणी माझ्या छपराचं झावळ्यांचं काम फुकटात करून जातं. सभेचा विषय एकही जण काढत नाही! "चेबा, तब्येत जप," एवढंच. असं प्रेम मला माझ्या लग्नातही मिळालं नव्हतं.

आज दोमितिलाला तोंडावर विचारलं — तू त्याला अंगाखांद्यावर खेळवलंयस. तो समोर येऊन उभा राहिला तर म्हणशील, ओळखत नाही?

"म्हणेन," ती म्हणाली. "आणि मग घरी जाऊन मरेपर्यंत रडेन. पण म्हणेन. माझी चार नातवंडं या पाटावर जगतात, चेबा."

तिचा राग येत नाही. तोच तर त्रास आहे.

१५ जुलै

फिदेन्सियोकाका सांगून गेले. अधिकारी म्हणतो, त्याच्या ओळखीच्या कार्डावरचा फोटो काळाकुट्ट आलाय, गावाने माणूस ओळखला पाहिजे. सभेत विचारणार. एका माणसाने जरी ओळखला तरी तो जिवंत, आणि विक्री खरी.

एका माणसाने. सगळं गाव माझ्याकडे बघतंय आणि बघत नसल्यासारखं करतंय.

१७ जुलै

चायोकडे फोन. तोच. यावेळी चायो दुकान सोडून बाहेर जाऊन उभी राहिली.

वकील त्याला घेऊन निघालाय. पैसे घेतलेत, उभं राहावंच लागेल, असं दरडावलंय. त्याचा आवाज फार थकलेला. जेवतोस का, विचारलं. हो म्हणाला. खोटं.

"ताई, सभेत तुला विचारतील. काय सांगशील?"

मी तीन आठवडे या एका प्रश्नावर झोपले नाही. वाटलं होतं, वेळ आली की सुचेल. सुचलं नाही, आपोआप तोंडातून आलं — "एकदा घंटा वाजवली मी तुझ्यासाठी. दुसऱ्यांदा मारणार नाही. तू माझा भाऊ आहेस, तेच सांगेन. मग गावाने मला पाटात बुडवलं तरी चालेल."

त्याने विचारलं, "घेवडा पार गेला का दोमितिलाचा?"

"पार."

"बरं," म्हणाला आणि ठेवला.

२० जुलै, सकाळ

काळा पोशाख काढून ठेवला. भाऊ जिवंत आहे, तर सुतकाचे कपडे कशाला! निळा घातला. फिदेन्सियोकाका दारावरून गेले, निळा बघून थांबले. त्यांना कळलं. "चेबा," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मीही माफी मागितली नाही. घेवडा, वेली, दोमितिलाची चार नातवंडं, सगळं आज माझ्या एका शब्दाने जाणार. माहीत आहे. तरी माझ्याच्याने होणार नाही.

२० जुलै, संध्याकाळ

अधिकाऱ्याने लिब्रादोला पुढे उभं करून विचारलं, या माणसाला कोण ओळखतं? एकही हात वर झाला नाही. मी उठले. "हा माझा—" एवढंच बोलले, तर लिब्रादोच माझ्यावर आवाज चढवून बोलला, "या बाईंचा भाऊ समुद्रात गेलाय, म्हणून त्यांना तसं दिसतंय. मी तो नाही. कार्ड मला त्याच्या होडीत मिळालं. सही मी खोटी केली."

विक्री रद्द. हौद राहिला. त्याला पोलिसांनी गाडीत घातलं, स्वतःचीच सही खोटी केली म्हणून.

रोट्या बांधून ठेवल्यात. उद्या पहिल्या ट्रकने किनाऱ्याच्या तुरुंगात जाते. दारावर विचारतील, कैदी तुमचा कोण लागतो?